मागून येणारा प्लंबर

मी गेली एकतीस वर्षं लोकांची कार्डं छापतोय, आणि त्यातली निम्मी छापायच्या लायकीची नव्हती, हे आज सांगून टाकतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं तेव्हा बोलता येत नाही. रंगारी येतो, त्याला कार्डावर पृथ्वीचा गोल हवा असतो. का, तर शेजारच्याच्या कार्डावर आहे. सुतार येतो, त्याला नाव सोनेरी आणि वळणदार अक्षरात पाहिजे, इतकं वळणदार की त्याच्या सख्ख्या आईला वाचता येऊ नये. फोन नंबर विचारला तर म्हणतो, टाका कुठंतरी कोपऱ्यात. अरे बाबा, कार्ड कुणासाठी असतं? ज्याच्या घरात बिजागरी तुटून दार हातात आलंय त्याच्यासाठी असतं. त्याला तुझा गोल बघायला वेळ नाही. तू काय करतोस, तुला कुठं गाठायचं आणि तुलाच का बोलवायचं, एवढी तीन उत्तरं मिळाली की झालं कार्ड. बाकीची रद्दी.

आणि असं शहाणपण पाजळणारा मी, अकरा वर्षं एका कार्डावर धडधडीत खोटं छापत होतो. ते कार्ड मेस्त्रींचं.

मेस्त्री म्हणजे आमच्या भागातले जुने प्लंबर. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. पहिलं कार्ड करायला ते स्वतः आले होते. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. कार्डावर त्यांना नळाचं चित्र हवं होतं आणि नळातून पडणारा थेंब. मी म्हटलं, मेस्त्री, नळ दुरुस्त करणाऱ्याच्या कार्डावर गळका नळ कशाला? तर म्हणाले, थेंबाशिवाय नळ ओळखू येत नाही. थेंब राहिला. वर्षभरात मेस्त्री एका गच्चीवर पाण्याची टाकी बसवताना शिडीवरून पडले आणि उजवा खांदा मोडून घेतला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. पाना फिरवायला जोर खांद्यातून लागतो. मेस्त्रींचं काम तिथं थांबलं. कार्ड मात्र चालू राहिलं.

कार्डं संपली की वहिनी यायच्या. वहिनी म्हणजे मेस्त्रींची बायको. जुनं कार्ड काउंटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, हेच, असंच, दोनशे. मी छापून द्यायचो. मेस्त्री बरे झाले असतील, कामाला लागले असतील, असं मी धरून चाललो होतो. विचारायची तसदी घेतली नाही.

मग एकदा आमच्या छापखान्यातलं बेसिन बिघडलं. शाईचे हात धुवायचं बेसिन ते. त्याच्या खालचा पाइप सुटला आणि पाणी थेट कागदाच्या गठ्ठ्यांकडे निघालं. मी धावत जाऊन मीच छापलेलं कार्ड शोधलं आणि फोन लावला. पलीकडून मेस्त्रींचा तोच दणदणीत आवाज आला, येतो अर्ध्या तासात. अर्ध्या तासात वहिनी आल्या, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन. मी त्यांच्या पाठीमागे रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, मेस्त्री कुठायत?

"येतायत मागून," वहिनी म्हणाल्या. "तोवर मी खोलून ठेवते."

मला वाटलं, बरंय, तेवढाच मेस्त्रींचा वेळ वाचेल. मी दोन चहा मागवले, एक मला आणि एक मेस्त्रींना. हो, वहिनींना मागवला नाही. बेसिनच्या खाली त्या पाठीवर झोपल्या होत्या, तोंडात टॉर्च, आणि मी दारात उभा राहून प्लंबरची वाट बघत होतो. वीस मिनिटांनी त्या उठल्या, नळ पूर्ण सोडला, पाइपाच्या सांध्यावरून कोरडं बोट फिरवून मला दाखवलं आणि म्हणाल्या, झालं. मेस्त्रींचा चहा गार झाला होता. तो वहिनींनीच उचलून पिऊन टाकला.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मेस्त्री यायचेच नव्हते. ते कुठंच जात नव्हते. घरी बसून फोन घ्यायचे, येतो म्हणायचे, आणि वहिनी जायच्या.

मी खोदून विचारलं तेव्हा वहिनींनी सगळं सांगितलं. मेस्त्री धडधाकट असतानाच त्या त्यांच्याबरोबर कामावर जायच्या, काम तिथंच शिकल्या. खांदा मोडल्यावर एकट्या जायला लागल्या तर लोक दारातूनच म्हणायचे, प्लंबर आला की या. एका घरी त्यांना दोन तास जिन्यावर बसवून ठेवलं होतं, आत पाणी वाहत असताना. तेव्हापासून त्यांनी ही पद्धत काढली. दारात विचारलं की म्हणायचं, येतायत मागून. तेवढं बोललं की माणसं बाजूला होतात. मग त्यांच्या ध्यानात यायच्या आत खोलायचं, बसवायचं, पाणी सोडून दाखवायचं. काम झाल्यावर मागून कुणी का आलं नाही, हे कुणी विचारत नाही. उलट सांगतात, मेस्त्रींना म्हणावं, छान काम झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम एकीचं, शाबासकी दुसऱ्याला, आणि तीही कुणाच्या हातानं पोहोचवायची, तर तिच्याच. मी म्हटलं, वहिनी, कार्ड बदला, तुमचं नाव घाला. त्या पिशवी आवरत म्हणाल्या, "चाललंय ते चालू दे, भाऊ. हे घरी बसून आधीच खचलेत."

आणि मी काय केलं? रागावलो, दोन दिवस बायकोपुढे बडबडलो, आणि पुढच्या खेपेला वहिनींनी जुनं कार्ड काउंटरवर ठेवलं तेव्हा निमूट दोनशे छापून दिली. त्यानंतर आणखी तीनदा. थेंबासकट.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या महिन्यात मुलींच्या एका वसतिगृहाचं काम निघालं. तीन मजले, चाळीस खोल्या, वर्षभराची देखभाल. असं काम मिळालं की सुट्या कामांसाठी गल्लोगल्ली फिरावं लागत नाही, पुढच्या आठवड्याचं काय ही धास्ती राहत नाही. वहिनींना ते काम फार हवं होतं. त्यांचेही गुडघे आता बोलायला लागलेत. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाकडे कुणीतरी कार्ड दिलं होतं. त्यानं फोन करून सांगितलं, कार्डावर ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः येऊन भेटावं.

आता इथं मागून येतायत म्हणायची सोय नव्हती. दोघं गेले. मेस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला, वहिनी पिशवी घेऊन मागे. व्यवस्थापकानं खुर्ची एकच पुढे केली. मेस्त्री बसले, वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. व्यवस्थापक म्हणाला, आमचा पाण्याचा पंप दर दोन मिनिटांनी चालू होतो आणि बंद होतो, मुलींना झोपू देत नाही, दोनदा पंप बदलला, तरी तेच, का होत असेल?

मेस्त्रींनी काम सोडून अकरा वर्षं झाली होती. असे पंप त्यांच्या हाताखालून गेलेच नव्हते. पण खुर्ची त्यांना मिळाली होती, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. ते म्हणाले, पंप लहान पडत असेल, मोठा बसवावा लागेल.

वहिनींना राहवलं नाही. त्या भिंतीजवळून म्हणाल्या, "पंप बदलू नका. पंपाशेजारी ती लाल टाकी आहे ना, तिच्यातली हवा पाण्याचा दाब धरते, ती गेली असेल. सायकलच्या पंपानं हवा भरून बघा."

व्यवस्थापकानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेस्त्रींना म्हणाला, तुमच्या मदतनीस बाई फार बोलतात. मग वहिनींना म्हणाला, "तुम्हाला विचारलं नव्हतं."

आणि मेस्त्री गप्प बसले. हे मला वहिनींनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. व्यवस्थापकाचं सोडा, तो परका. पण ज्याच्या नावानं अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मोऱ्यांमध्ये पाठ टेकली, तो नवरा शर्टाच्या बाह्या नीट करत बसला. काम मिळालं नाही. व्यवस्थापकानं सांगितलं की मालकाला माहिती कमी आणि मदतनिसाला जीभ जास्त, असा प्रकार आम्हाला नको. पंप मोठा बसवायचा सल्ला मात्र त्यानं उचलला आणि दुसऱ्या कुणाकडून तो बसवून घेतला.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याचं दार उघडतोय तर वहिनी पायरीवर उभ्या. हातात जुनं कार्ड नव्हतं.

"माझं कार्ड करायचंय," त्या म्हणाल्या. "ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

मी कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि विचारलं, नाव सांगा. आणि जीभ चावली. अकरा वर्षं ही बाई माझ्या काउंटरवर येत होती, माझं बेसिन तिनं दुरुस्त केलं होतं, तिच्यावरून मी घरात भाषणं ठोकली होती, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी नाव सांगितलं. मी लिहून घेतलं, एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. बस, एवढंच. माझ्याच कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

नावाखाली काय लिहायचं यावर मी आपलं डोकं चालवलं. म्हटलं, महिला प्लंबर लिहू, वेगळं वाटेल, लोकांच्या लक्षात राहील.

"ह्यांच्या कार्डावर पुरुष प्लंबर लिहिलं होतंत का?" वहिनींनी विचारलं.

मी ‘महिला’ खोडलं. आत बायको कटिंग मशिनवर कागद कापत होती, ती हसली ते मला ऐकू आलं. माझी बायको तेवीस वर्षं हे मशिन चालवते, मुद्रितं तपासते, माझ्या चुका काढते. मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, बघ, लोक कसे असतात, बाईचं काम दिसतं पण बाई दिसत नाही. बायको म्हणाली, "हो ना. बाहेरच्या पाटीवर कुणाचं नाव आहे हो?" यावर मी कार्डात डोकं घातलं. पाटीचा विषय अजून बाकी आहे, तो मी टाळलेला नाही, एवढंच इथं नोंदवतो.

कार्ड मात्र मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं केलं. चित्र नाही, थेंब नाही, सोनेरी काही नाही. वर नाव, खाली ‘प्लंबर’, आणि नंबर कार्डाची अर्धी उंची व्यापेल एवढा मोठा. पाणी वाहत असताना माणूस चष्मा शोधत नाही. कागद गुळगुळीत नको म्हणून वहिनींनी आधीच बजावलं होतं, कारण त्यावर पेन चालत नाही. पेन कशाला, म्हटलं. तेव्हा त्यांनी मागची बाजू सांगितली. मागे दोनच ओळी: पाणी थांबत नसेल तर आधी घरातला मुख्य वॉल्व्ह बंद करा, मग फोन करा. आणि त्याखाली, तुमचा वॉल्व्ह इथे आहे, म्हणून मोकळी रेघ. प्रत्येक घरी काम झालं की त्या वॉल्व्ह कुठंय ते स्वतः लिहून देणार. जिन्याखाली, उजव्या हाताला. किंवा, मोरीच्या खिडकीमागे, स्टूल लागेल. असं कार्ड कोण फेकणार? एकतीस वर्षांत कार्डावर मोकळी जागा मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं.

वहिनी म्हणाल्या, गुरुवारी येऊन नेते. गुरुवारी आल्या नाहीत. शुक्रवारी नाहीत, शनिवारी नाहीत. छापलेल्या कार्डांचा डबा काउंटरवर पडून. मी फोन केला तर म्हणाल्या, राहू द्या भाऊ थोडे दिवस, आणि फोन ठेवला. मला काय ते कळलं. सोमवारी दुपारी मी डबा काखेत मारला आणि मेस्त्रींच्या घरी निघालो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो, एकेक असं की मेस्त्रींना घाम फुटला पाहिजे.

दार मेस्त्रींनीच उघडलं. वहिनी कामावर गेल्या होत्या. खोली छोटी, खिडकीजवळ एक टेबल, टेबलावर फोन आणि जाड वही. मी डबा त्यांच्या पुढ्यात आदळला आणि म्हटलं, हे तुम्ही अडवलंत ना? ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, तिनं सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं की कार्डावरून माझं नाव काढायला मी मेलो का. त्यावर ती कामाला निघून गेली.

मग मी सुरू झालो. म्हटलं, मेस्त्री, मेलेल्याचं तरी नाव लोक कार्डावरून काढतात, तुमचं मात्र कामाला हात न लावता अकरा वर्षं फुकट चाललंय. म्हटलं, त्या व्यवस्थापकासमोर तुमच्या तोंडाला कुलूप का लागलं होतं? एक वाक्य बोलायचं होतं, ही सांगते ते बरोबर आहे, एवढंच. तेवढ्यानं तुमचा दुसरा खांदा मोडणार होता का?

मेस्त्रींनी डाव्या हातानं वही माझ्याकडे सरकवली. अकरा वर्षांचे फोन होते तिच्यात. तारीख, घर, तक्रार, आणि पुढे वहिनींनी काय केलं ते, रोज संध्याकाळी त्यांना विचारून लिहिलेलं. अक्षर देखणं, एक दिवस सुटलेला नाही.

"नव्या कार्डावर नंबर तिचा आहे," मेस्त्री म्हणाले. "फोन तिला जाणार. मग मी इथं बसून काय करायचं?"

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राग गेला नाही. उलट वाढला. एकाला दिवसभर बसायला खुर्ची पाहिजे म्हणून दुसरीनं आयुष्यभर भिंतीला टेकून उभं राहायचं, हा कुठला न्याय? मी तसंच म्हणालो. मेस्त्रींनी डब्यातलं एक कार्ड उचललं होतं आणि ते उलटसुलट करून बघत होते. मागच्या मोकळ्या रेघेवर त्यांचा अंगठा थांबला. "हे तिचं डोकं," ते म्हणाले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मेस्त्रींना अलीकडे कमी ऐकू येतं, ते फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात. पलीकडे वसतिगृहाचा व्यवस्थापक होता. आवाज चांगलाच नरमला होता. म्हणाला, तो मोठा पंप बसवला, तो आता दर मिनिटाला चालू-बंद होतोय, आणि काल त्यानं तिसऱ्या मजल्यावरचा सांधा उडवला, दोन खोल्या भिजल्या.

"मेस्त्री, त्या दिवशी तुम्ही टाकीतल्या हवेचं काहीतरी म्हणाला होतात ना," तो म्हणाला. "तुमचंच बरोबर होतं. तेवढं येऊन बघता का? वर्षाचं कामही मग तुमच्याशीच बोलू."

मी मेस्त्रींकडे बघत होतो. तुमचंच बरोबर होतं. आयतं ताटात वाढून आलं होतं. त्यांनी नेहमीसारखं येतो म्हटलं असतं की काम घरात, नाव शाबूत, आणि वहिनींनाही कधी कळलं नसतं. तोंडही उघडलं होतं त्यांनी. अकरा वर्षांची सवय, ‘येतो’ अगदी ओठांवर आलेलं मला दिसत होतं. मी डबा घट्ट धरला. आज हे येतो म्हणाले तर कार्डं इथंच उधळायची, असं ठरवूनसुद्धा टाकलं.

"ते मी म्हणालो नव्हतो," मेस्त्री म्हणाले. "मी पंप मोठा बसवा म्हणालो होतो. हवेचं ती म्हणाली. तुम्ही तिला गप्प केलंत, आणि मी करू दिलं."

व्यवस्थापक घाईनं म्हणाला, बरं बरं, मग त्यांनाच पाठवा पुढे, तुम्ही मागून येताय ना?

"नाही," मेस्त्री म्हणाले. "मी अकरा वर्षं कुठंच आलेलो नाही. तिच्या मागून कुणी येत नाही. प्लंबर तीच आहे. नंबर देतो, तिला तुम्ही स्वतः फोन करून विचारा, ती येईल का."

त्यांनी कार्ड डोळ्यांसमोर धरलं. चष्मा वहीवर तसाच पडला होता. आधी त्यांनी बायकोचं पूर्ण नाव वाचलं, मग नंबर, एकेक आकडा सुटा करून. व्यवस्थापक पलीकडून प्रत्येक आकडा म्हणून दाखवत होता. एक आकडा त्यानं चुकीचा म्हटला, तेव्हा मेस्त्रींनी त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून, नावापासून, लिहायला लावलं.